मुलींसाठी कंट्री म्युझिकचा अंक: कोऱ्या डमीपासून टपालापर्यंत

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ च्या, आमचा अंक छापून हातात आला. ४० पानं, साडेआठ बाय अकरा इंची लेटर कागद मधोमध दुमडल्यावर होतो तेवढा आकार, विषय कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतलं लोकसंगीतातून आलेलं गाणं, आणि वाचक १३ ते १७ वयाच्या मुली. काम हातात घेतलं तेव्हा मला नेमके प्रश्न पडले होते. गाण्याचे शब्द छापता येतात का, अठरा वर्षांखालच्या मुलीच्या फोटोला कुणाची सही लागते, टपालाला किती खर्च येतो. या सगळ्याची उत्तरं दहा ठिकाणांहून वेचावी लागली. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहून ठेवते. मी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलजवळ राहते, त्यामुळे नियम आणि पैसे इथलेच आहेत. अंकाचं नाव आणि मुलींची नावं देत नाही, तसं पालकांशी आधीच ठरलंय.

सुरुवात जानेवारीत झाली. माझी भाची १५ वर्षांची. ती आणि तिच्या मैत्रिणी दर शनिवारी वाचनालयाच्या एका खोलीत गिटार घेऊन जमतात. मी पूर्वी बरीच वर्षं दिवाळी अंकांची मांडणी केली आहे हे तिला ठाऊक होतं. ती एक दिवस जुनी मासिकं घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, हे बघ. कपडे आहेत, केस आहेत, कुणाचं कुणाशी जमलं ते आहे. पण ही बाई गिटार कशी धरते ते एका तरी फोटोत दिसतंय का?" मी सगळी पानं उलटली. खरंच दिसत नव्हतं.

पहिल्या बैठकीत मी मुलींना त्या मासिकांची पानं कापायला लावली आणि दोन ढीग करायला सांगितले. वाचून झाल्यावर आपण काहीतरी करू असं वाटायला लावणारी पानं एकीकडे, नुसतं बघत राहायला लावणारी दुसरीकडे. दुसरा ढीग फार मोठा झाला. त्यातून आमचा एकच नियम निघाला: वाचणारी मुलगी उद्या वाजवायला बसणार आहे असं धरून प्रत्येक पान लावायचं. पुढे आकार, कागद, अक्षर, जाहिराती यांवरून जेवढे वाद झाले ते सगळे या नियमानेच मिटले. तुम्ही असा अंक काढणार असाल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी असा एक नियम ठरवा, हे मी अगदी कळकळीने सांगते.

हा नियम हवेतला नव्हता. कंट्री म्युझिकचा इतिहासच तसा आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गिटार वाजवणारी मेबेल कार्टर १८ वर्षांची होती, आणि गरोदर होती. अंगठ्याने खालच्या स्वरांच्या तारांवर चाल आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका, ही तिची पद्धत आज जगभर शिकवली जाते. डॉली पार्टन १९५९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या गाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर गायली तेव्हा १३ वर्षांची होती. टान्या टकरचं पहिलं गाजलेलं गाणं १९७२ चं आणि लीॲन राइम्सचं १९९६ चं. दोघीही तेव्हा तेरा वर्षांच्या. मुलींनी हे भिंतीवर लिहून काढलं तेव्हा खोलीतला आवाजच बदलला.

दुसरी बाजूही त्यांना माहीत होती. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने जाहीरपणे म्हटलं होतं की गायिकांची गाणी लागोपाठ लावू नका, कंट्री रेडिओच्या सॅलडमध्ये त्या म्हणजे अधूनमधून टाकायचे टोमॅटो. आमच्या अंकात प्रत्येक पानाच्या आकड्याशेजारी एक छोटा लाल टोमॅटो आहे, तो तिथून आला. ही कल्पना सर्वांत धाकटीची.

फेब्रुवारीत नाव. मुलींनी सुचवलेलं प्रत्येक नाव आधी अमेरिकी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधलं. शोध फुकट आहे. नोंदणीला मात्र एका वर्गासाठी ३५० डॉलर पडतात, ती आम्ही केली नाही. पाचशे प्रतींच्या अंकाला तो खर्च झेपत नाही. आयएसएसएन मात्र जरूर घ्या. नियतकालिकाला मिळणारा हा आठ अंकी क्रमांक लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून मिळतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. अंक निघायच्या आधीही अर्ज करता येतो. त्यासाठी मुखपृष्ठाचा आणि प्रकाशनाची माहिती असलेल्या पानाचा नमुना जोडावा लागतो, म्हणजे तेवढी दोन पानं आधी तयार हवीत. आम्हाला साधारण तीन आठवडे थांबावं लागलं. क्रमांक मुखपृष्ठावर उजव्या कोपऱ्यात वर छापायचा. ते पत्र आलं त्या दिवशी मुलींना पहिल्यांदा वाटलं की हे खरंच होणार आहे, आणि मलाही.

मार्चमध्ये आकार ठरला, आणि या भागाविषयी मला सविस्तर सांगायचंय. नेहमीच्या मासिकाचा मोठा आकार मुलींना भारदस्त वाटत होता. पण गिटारच्या पिशवीला बाहेरून जो खिसा असतो, त्यात तो अंक दुमडल्याशिवाय मावत नाही. साडेपाच बाय साडेआठ इंच सहज मावतो. मग कोऱ्या कागदांची डमी केली, मधोमध पिना मारल्या, आणि एकीने ती मांडीसमोर स्टँडवर ठेवून वाजवून पाहिलं. सेंटर पिनिंगच्या अंकात अगदी मधली जोडीच तेवढी पूर्ण सपाट उघडते. बाकीची पानं मिटायला बघतात आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. त्यामुळे गाणं मधल्या जोडीवर, म्हणजे २० आणि २१ व्या पानावर गेलं, आणि बाकी सगळा अंक त्याच्या दोन्ही बाजूंनी रचला. कॉर्डच्या, म्हणजे एकत्र छेडायच्या स्वरांच्या, खुणा १८ पॉइंटच्या अक्षराएवढ्या मोठ्या, कारण ती मांडीवरून नाही, स्टँडवरून वाचायची असतात. (पिनांच्या अंकाची पानं चारच्या पटीतच हवीत. डमीवर आकडे घालून ती भिंतीला लावून ठेवा. वाद निम्मे होतात.)

गाणं कोणतं? इथे हक्कांचा प्रश्न आला. आजच्या गाण्याच्या शब्दांचे हक्क प्रकाशकाकडे असतात आणि थोडे शब्द छापायचे तरी लेखी परवानगी लागते. आम्ही दोन ठिकाणी लिहिलं. एकीकडून उत्तर आलं नाही. दुसरीकडून सहा आठवड्यांनी अर्ज आला, त्यात प्रतींची संख्या, विक्रीची किंमत, अंक कुठे कुठे जाणार, असं सगळं भरायचं होतं, आणि फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. गाण्याचं नुसतं नाव छापायला परवानगी लागत नाही, तेवढं लक्षात ठेवा. शेवटी आम्ही 'वाइल्डवुड फ्लॉवर' घेतलं. कार्टर कुटुंबाने ते १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, पण मूळ गाणं १८६० सालचं, वेगळ्या नावाने छापलेलं. चाल आणि मूळ शब्द दोन्ही सार्वजनिक मालकीचे. आम्ही १८६० चे शब्द छापले. गाणं आणि त्याचं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात, त्यामुळे जुन्या गाण्याची नवी तबकडी मुक्त आहे असं धरून चालू नका.

कॉर्ड लिहायच्या कशा, यावर मला स्वतःला फार आनंद झाला. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत वादक कॉर्डची नावं लिहीत नाहीत, आकडे लिहितात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकमंडळातल्या नील मॅथ्यूजने ही पद्धत बसवली आणि चार्ली मॅककॉय यांनी ती वादकांमध्ये रुळवली. सप्तकातल्या पहिल्या स्वरावरची कॉर्ड १, चौथ्यावरची ४, पाचव्यावरची ५. म्हणजे सा, म, प! गायिकेने सूर वरखाली केला तरी कागद तोच राहतो. पेटीवाल्याला काळी चार सांगितली की तो सा तिथे धरतो आणि सरगम तीच राहते, तसंच. माझी भाची लहानपणी सरगम शिकलेली, तिने हे एका दमात मैत्रिणींना समजावलं. आकड्यापुढे उणे चिन्ह म्हणजे मायनर कॉर्ड, आकड्याभोवती चौकट तिरकी करून काढली की ती कॉर्ड वाजवून तशीच घुमू द्यायची. आम्ही ते आकडे टाइप केले नाहीत. एका मुलीने ब्रशने लिहिले, मी ते स्कॅन करून बसवले. स्टुडिओत ते हातानेच लिहिलेले असतात.

एप्रिल ते जून मजकूर आणि फोटो. मोठ्या गायिकांच्या मुलाखती मिळवायच्या तर प्रसिद्धी सांभाळणाऱ्या माणसापासून सुरुवात करावी लागते, मग व्यवस्थापक, मग कंपनी. बहुतेक पत्रांना उत्तरच आलं नाही आणि मुली खट्टू झाल्या. मी त्यांना सांगितलं की आपला नियम आठवा. वाजवणाऱ्या मुलीला उपयोगी पडेल असं कोण सांगेल? मग त्यांनी पेडल स्टील (पायपट्ट्यांची आडवी गिटार) वाजवणाऱ्या एका बाईंची, गिटार दुरुस्त करणाऱ्या एका कारागीर बाईंची आणि एका गीतलेखिकेची मुलाखत घेतली. तिघींनी आठवडाभरात होकार दिला आणि प्रत्येकीने तासाहून जास्त वेळ दिला. गीतलेखिकेने पैशांविषयी जे सांगितलं ते अंकातलं सर्वांत चर्चेचं पान झालं. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की ते लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. तबकडीच्या किंवा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे लेखनाचा कायद्याने ठरलेला दर २०२५ मध्ये १२.७ सेंट होता, आणि गाणं तिघांनी मिळून लिहिलं असेल तर तेवढ्यातच वाटणी. नुसतं गायचं नाही, लिहायचंही, हे त्यानंतर दोघीतिघींनी मनावर घेतलं.

इतिहासाची चार पानं कुठून सुरू करायची यावर एक पूर्ण शनिवार गेला. आमच्यातली एक मुलगी कृष्णवर्णीय आहे. तिने शांतपणे विचारलं की बँजो हे तंतुवाद्य आफ्रिकेतून आणलेल्या माणसांबरोबर आला, तर पहिलं चित्र बँजोचं का नको? तेच केलं. पुढे डीफोर्ड बेली, जो ऑप्रीच्या सुरुवातीच्या वर्षांत हार्मोनिका वाजवायचा, आणि लिंडा मार्टेल, जी १९६९ मध्ये ऑप्रीवर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली, यांना स्वतंत्र जागा दिली. असा अंक करताना ही माणसं तळटिपेत घालू नका.

फोटोंच्या परवानग्या हे सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत जरुरीचं काम. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलीच्या फोटोला पालकांची सही घेतली. कागदावर फोटो कुठे कुठे वापरणार, किती काळ, शाळेचं नाव येणार की नाही, हे सगळं स्पष्ट लिहिलं. टेनेसीत नाव आणि चेहऱ्यावरचा हक्क कायद्याने आधीपासून आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या एल्विस कायद्याने त्यात आवाजही आला. लेखासोबतचा फोटो आणि विक्रीसाठी वापरलेला फोटो यांत कायदा फरक करतो, म्हणून मुखपृष्ठावर कुणाही प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा घ्यायचा नाही असं ठरवलं. कलाकारांना मोफत सल्ला देणाऱ्या वकिलांकडून हे सगळे कागद एकदा तपासून घेतले. तुमच्या शहरात अशी सोय आहे का ते विचारा. पत्ते आम्ही फक्त पालकांकडून घेतले. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करायला देशपातळीवरचा वेगळा कडक कायदा आहे.

जूनमध्ये, ५ ते ८ तारखांना, सीएमए फेस्ट हा नॅशव्हिलचा कंट्री म्युझिकचा महोत्सव होता. दिवसाच्या बऱ्याच कार्यक्रमांना तिकीट नसतं, तिथे मुलींनी गर्दीतून फोटो काढले. तिकिटाच्या कार्यक्रमांत छायाचित्रकाराला परवाना मिळाला तरी रीत ठरलेली असते: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही. नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बऱ्याच ठिकाणी संध्याकाळनंतर २१ वर्षांखाली प्रवेशच नसतो, म्हणून मुलींना घेऊन जायचं तर दुपारीच जा.

मांडणी जुलै आणि ऑगस्टमध्ये. कच्ची पानं मुलींनी कॅनव्हावर केली, पक्की मी ॲफिनिटी पब्लिशर या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर. घोड्याचे नाल, दोरखंड आणि टोकदार अक्षरांची जुन्या वेस्टर्न चित्रपटांतली पाटी आम्हाला नको होती. त्याऐवजी सगळ्या हॅच शो प्रिंटमध्ये जाऊन आल्या. १८७९ पासून चालू असलेला हा नॅशव्हिलचा छापखाना आजही लाकडी टाइपावर कार्यक्रमांची पोस्टर छापतो. तिथली जाड, भरीव अक्षरं आणि दोनच रंगांची शिस्त मथळ्यांसाठी घेतली. मजकुराचा फॉन्ट मुक्त परवान्याचा. गुलाबी रंगावर मतदान झालं आणि तो हरला; जीन्सचा निळा आणि टोमॅटोचा लाल राहिले.

कागद बिनचकाकीचा घेतला, कारण पेन्सिलीने त्यावर लिहिता येतं आणि गाण्याच्या पानावर प्रत्येक मुलगी खुणा करणारच. पण असा कागद शाई शोषतो, रंग गडद होतात. मंचावरच्या जांभळ्या आणि निळ्या दिव्यांचे फोटो पडद्यावर झगमगतात, छपाईच्या चार शाईंत ते जमतच नाहीत. म्हणून पूर्ण अंकाच्या आधी आम्ही त्याच कागदावर एक चाचणीचं पान छापून घेतलं: तीन मुलींचे चेहरे, तीन वेगळे वर्ण, एक निळं जाकीट आणि मंचावरचा एक फोटो. ४५ डॉलर लागले आणि सगळ्या खर्चात हे पैसे सर्वांत सार्थकी लागले. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांमधले बारकावे शाईत बुडत होते. छापखान्याने चारही शाईंच्या टक्क्यांची बेरीज २६० च्या आत ठेवायला सांगितली, मी मधल्या छटा उजळल्या, आणि ज्या मुलीचा फोटो होता तिला शेजारी बसवून तिच्या संमतीने प्रत्येक बदल केला. चेहऱ्याचा रंग आणि ठेवण तिचीच राहिली पाहिजे, मुरमंसुद्धा. २०१२ मध्ये एका १४ वर्षांच्या मुलीने 'सेव्हन्टीन' मासिकाकडे न बदललेल्या फोटोंची मागणी केली, हजारो सह्या गोळा केल्या आणि मासिकाला मुलींची शरीरं आणि चेहरे न बदलण्याचं वचन द्यावं लागलं. आमच्या मुलींनी ते वचन पहिल्याच पानावर छापलं. मुखपृष्ठावर गिटारच्या तारांवर कॅपो, म्हणजे सूर चढवायचा चिमटा, लावणारा एक हात आहे, बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे स्पष्ट दिसतात.

सप्टेंबरात पूर्ण प्रूफ, मुद्रितशोधन, आणि जाहिराती. जाहिरात फक्त वाजवण्याशी संबंधित वस्तूंची आणि शिकवण्यांची. सौंदर्यप्रसाधनांची एक विचारणा आली होती, ती मुलींनी एकमताने परत पाठवली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोकी आली. ऑप्री २८ नोव्हेंबरला शंभर वर्षांची होणार होती, त्याआधी अंक निघावा अशी सगळ्यांची इच्छा होती, ती पुरी झाली.

टपालाचं नीट वाचा. पुस्तकांसाठीची स्वस्त मीडिया मेल जाहिराती असलेल्या अंकाला चालत नाही. पण आमचा लहान आकार इथे पुन्हा कामी आला. सहा बाय नऊ इंची पाकीट, जाडी पाव इंचाच्या आत, वजन साडेतीन औंसांच्या आत असेल तर ते मोठं पाकीट न धरता साधं पत्र धरलं जातं. आमचा अंक पाकिटासकट पावणेतीन औंसांच्या आसपास भरला. जुलै २०२५ मध्ये दर वाढून पहिल्या औंसाचं तिकीट ७३ वरून ७८ सेंट झालं होतं, तरी प्रत सव्वा ते दीड डॉलरमध्ये गेली. कागद ठरवतानाच डमी टपाल कार्यालयात नेऊन वजन करून घ्या.

शेवटचं सरकारी काम स्वामित्वहक्काच्या नोंदणीचं. साधा ऑनलाइन अर्ज ६५ डॉलरचा. छापलेल्या कामाच्या दोन प्रती प्रकाशनापासून तीन महिन्यांत लायब्ररी ऑफ काँग्रेसला द्याव्या लागतात. नोंदणीसोबत त्या पाठवल्या की तेही काम होतं.

एकूण हिशेब असा: ५०० प्रतींची छपाई १,२८०, चाचणीचं पान ४५, सॉफ्टवेअर ७०, नोंदणी ६५, पाकिटं आणि तिकिटं १९०. बेरीज १,६५० डॉलर. त्यातले ४५० जाहिरातींचे, ६०० वाचनालयाला मदत करणाऱ्या मंडळींनी दिले, उरलेले ६०० पालकांनी वाटून घेतले. अंक मुलींना फुकट दिला. वाचनालयं, शाळांच्या संगीताच्या खोल्या आणि गिटारची दुकानं इथे प्रती ठेवल्या. आता दुसऱ्या अंकाची डमी भिंतीवर लागली आहे. या वेळी मधल्या जोडीवर मुलींनी स्वतः लिहिलेलं गाणं आहे, आणि त्याच्या हक्कांच्या कागदावर लेखिका म्हणून तिघींची नावं व प्रत्येकीचा वाटा आधीच लिहून झालाय.